‘सैराट’मधला तात्या पाटील: लाडक्या लेकीवर एवढा राग का?

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (2016) म्हटलं की आर्ची-परश्या आठवतात. पण मला प्रश्न पडतो तो तात्या पाटलाचा. लेकीला बुलेट आणि ट्रॅक्टर चालवू देणाऱ्या या बापाच्या घरातूनच तिचे मारेकरी कसे निघतात?

उत्तर त्याच्या भाषणात आहे. विरोधकाला घरातल्या बाईवर ताबा ठेवता आला नाही, अशी तो भर सभेत खिल्ली उडवतो. पुढे आर्ची परश्यासोबत पळून जाते आणि तोच टोमणा त्याच्यावर उलटतो. तात्यासाठी इज्जत म्हणजे जात आणि खुर्ची, दोन्ही.

मुलाचा न्याय मात्र वेगळा. प्रिन्स भर वर्गात लोखंडे सरांच्या कानाखाली मारतो, तेही खपतं. मुलाची मारहाण चालते, मुलीने निवडलेला खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीतला नवरा चालत नाही.

तात्याला ‘क्रूर बाप’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ‘आम्ही मुलीला सगळं स्वातंत्र्य दिलंय’ हे वाक्य आपल्याही घरात ऐकू येतं. जे ‘दिलं’ जातं, ते परतही घेता येतं. तात्या नेमका तिथे सापडतो.