‘किल्ला’ आणि एक राहिलेले क्षमापन

पर्युषण पर्व आटोपल्यावर मुलगा चार दिवसांसाठी मसोलीस घरी आला होता. बाहेर पाऊस थांबत नव्हता, तेव्हा अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ हा चित्रपट आम्ही एकत्र पाहिला. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात बालपरीक्षकांनी त्याला पारितोषिक दिले होते. मुलांच्या दुःखाची पारख मुलांनीच करावी, हे मला योग्य वाटते.

वडील वारल्यानंतर आईच्या सरकारी नोकरीतील बदलीमुळे चिन्मय पुणे सोडून कोकणातील समुद्रकाठच्या गावी येतो. नवी शाळा, नवे सवंगडी. हळूहळू तो त्यांच्यात रुळतो. आणि एके दिवशी पावसात ते त्याला किल्ल्यावर एकटा सोडून निघून जातात. वडिलांच्या जाण्याविषयी जे त्याला बोलता आलेले नाही, तेही या रागात मिसळलेले आहे. चिन्मय अबोला धरतो. तो रुसवा कुठे निवळू लागतो, तोच आईची पुन्हा बदली होते.

आईच्या भूमिकेत अमृता सुभाष आहेत. कार्यालयातील कागदपत्रे आणि घरातील मूक मूल यांमध्ये ओढली जाणारी ही स्त्री मला फार ओळखीची वाटली. बँकेच्या नोकरीत बदलीचा आदेश हाती पडला की आम्ही प्रथम शाळेचा दाखला, गॅसजोडणी आणि मालमोटार यांचाच विचार करीत असू.

चित्रपट संपल्यावर मुलगा म्हणाला, “पप्पा, आपण सांगलीकडचं गाव सोडलं तेव्हा माझा मित्र आजोळी गेला होता. आमचं भांडण झालेलं होतं. तो परत आला असेल तेव्हा आपल्या दाराला कुलूप असेल ना?”

मला हे ठाऊकच नव्हते. त्या वेळी सामानाची यादी मी स्वतः केली होती. ३४ नग, एकही गहाळ झाला नाही, याचा मला कितीतरी दिवस अभिमान होता. मुलाला मात्र मी निघण्याच्या आठ दिवस आधी केवळ कळवले होते. विचारले नव्हते. विचारून बदली रद्द झाली नसती, हे खरे. पण मित्र परत येईपर्यंत त्याला मामांकडे ठेवता आले असते.

दरवर्षी संवत्सरीला मी नातेवाईक, शेजारी, जुने सहकारी, सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. मुलालाही म्हणत आलो आहे, परंतु कशाबद्दल ते माहीत नसताना. त्या रात्री कारणासहित म्हटले. तो हसला आणि म्हणाला, “पप्पा, संवत्सरी होऊन गेली की!” मग बराच वेळ बोलला नाही.

सकाळी त्याने माळ्यावरून एक जुना टपाल तिकिटांचा आल्बम काढला. मित्राचा होता, त्याच ३४ नगांतून आलेला. पहिल्या पानावर बालहस्ताक्षरात नाव, इयत्ता आणि गाव लिहिले आहे. त्या गावी स्थायिक झालेल्या माझ्या एका सहकाऱ्याला मी काल दूरध्वनी केला आहे.