पोपटालाही होतो कोलेस्टेरॉलचा त्रास. शेंगदाण्यांनी नेमकं काय बिघडतं?

मिठू शेंगदाणे आवडीने खातो, म्हणून घरचेही ते देत राहतात. पण पिंजऱ्यातला पोपट अचानक दगावतो, तेव्हा रक्तवाहिन्यांत साचलेली चरबी हे त्यामागचं एक कारण असू शकतं.

कोलेस्टेरॉल येतं कुठून?

शेंगदाणे किंवा सूर्यफुलाच्या बियांमध्ये कोलेस्टेरॉल नसतं. मात्र त्यांच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग चरबीचा असतो. शरीरातलं कोलेस्टेरॉल यकृत तयार करतं आणि चरबीयुक्त आहाराने त्याचं प्रमाण वाढू शकतं. रानातला पोपट अन्नासाठी दूरवर उडतो, पिंजऱ्यातल्या पोपटाला वाटी समोरच मिळते. त्यामुळे खाल्लेलं खर्चच होत नाही.

धोका कोणाला जास्त?

आफ्रिकन ग्रे, ॲमेझॉन आणि कॉकाटील या पोपटांमध्ये रक्तवाहिन्या कडक होण्याचा आजार अधिक आढळतो. वाढत्या वयात आणि माद्यांमध्येही धोका जास्त असतो.

ओळखायचं कसं?

अनेकदा लक्षणं दिसतच नाहीत. सुस्ती, दम लागणं, पायांत अशक्तपणा, दांडीवरून पडणं असं काही दिसलं तर पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकांना लगेच दाखवावं. रक्ततपासणीतून कोलेस्टेरॉल कळतं. मात्र अंडी घालण्याच्या काळात मादीचं कोलेस्टेरॉल नैसर्गिकरीत्याच वाढतं, त्यामुळे एकाच रिपोर्टवरून निष्कर्ष काढता येत नाही.

उपाय काय?

- बिया हळूहळू कमी करून पोपटांसाठीचे पेलेट्स आणि पालेभाज्या, गाजर, ढोबळी मिरची वाढवावी. हा बदल काही आठवड्यांत करावा. उपाशी ठेवल्यास यकृतावरच घाला येतो.
- रोज ग्रॅममध्ये वजन करावं. ते झपाट्याने घटलं तर डॉक्टरांना विचारावं.
- फरसाण, बिस्किटं, चहात बुडवलेला पाव बंद करावा. ॲव्होकॅडो आणि चॉकलेट तर विषारीच.
- सुरक्षित खोलीत उडू द्यावं. खाणं कागदात गुंडाळून किंवा लपवून द्यावं, म्हणजे शोधताना हालचाल होते.
- माणसांच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या स्वतःहून देऊ नयेत.

कायद्याचा अडसर

आपल्याकडे सर्रास दिसणारा हिरवा पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. कारवाईच्या भीतीने असा पोपट दवाखान्यापर्यंत नेलाच जात नाही आणि आजार वाढत राहतो. त्याला थेट आकाशात सोडणं हाही उपाय नाही, कारण पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला अन्न शोधता येत नाही. अशा वेळी वन विभागाशी संपर्क साधावा. महाराष्ट्रात त्यासाठी 1926 ही हेल्पलाइन आहे.

आफ्रिकन ग्रेसारख्या विदेशी पोपटांसाठी 2024 च्या नियमांनुसार 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे. पण नोंदणी झाली म्हणून जबाबदारी संपत नाही. पोपट वाटीत पडेल तेच खातो, त्यामुळे त्याचं पथ्य घरच्यांनाच पाळावं लागतं.