सोनमाशांची पिल्ले : आधी पाणी मोजा

दिवाणखान्यातील काचेची पेटी आणि तीत फिरणारे सोनमासे हे दृश्य आपल्या बेळगावात आता नवे राहिलेले नाही. येथील हवाही त्यांना मानवते. हा मुळात थंड पाण्याचा मासा. मासे पाळणाऱ्यास पुढे साहजिकच घरच्या घरी पिल्ले काढण्याची हौस वाटू लागते. या हौसेला माझा विरोध नाही. विरोध आहे तो मिळतील तेवढी सगळी पिल्ले वाढवण्याच्या हट्टाला.

पिल्ले काढणे मुळीच कठीण नाही. वर्ष-दीड वर्षाचे नर-मादी असावेत. थंडी सरून पाणी उबदार होऊ लागले, की नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर बारीक पांढरे ठिपके उमटतात (पुष्कळांना हा रोग वाटतो व ते औषध ओततात!) आणि तो मादीचा पाठलाग सुरू करतो. मादी हायड्रिलासारख्या पाणवनस्पतीवर चिकट अंडी टाकते. ती शेकड्यांनी, कधी हजाराच्याही वर. आईबापच ती खाऊ लागतात, म्हणून हौशी माणूस घाईघाईने सगळी वनस्पती उचलून दुसऱ्या टबात ठेवतो. घोटाळा होतो तो येथेच.

२४-२५ अंश उष्णतेच्या पाण्यात तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. पिल्ले आणखी एक-दोन दिवस काचेला चिकटून पोटातील बलकावर राहतात. पोहू लागली की मात्र त्यांना अन्न हवे, आणि तेही डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक. वाळल्या गवताच्या पाण्यात आपण प्रयोगशाळेत पॅरामेशियम वाढवतो, तसले जीव त्यांना चालतात; पुढे आर्टेमियाची पिल्ले. उकडलेल्या अंड्याचा बलक मलमलीतून गाळून देता येतो, पण चिमूटभरच. उरलेला बलक पाणी नासवतो. शिवाय पिल्ले अमोनिया सोडतात, तो दिसत नाही पण मारतो. म्हणून रोज थोडे पाणी रबरी नळीने काढावे आणि दिवसभर उघडे ठेवून क्लोरीन उडालेले तेवढेच पाणी घालावे. पन्नास पिल्लांसाठी एवढे करणे जमते. आठशे पिल्लांसाठी, एप्रिल महिन्यात, जेथे नळाला रोज पाणी येत नाही अशा गल्लीत, कसे जमावे?

बहुतेक मरतात. जी जगतात त्यांचे पुढे काय, हा प्रश्न त्याहून अवघड. सोनमासा वीतभर वाढू शकतो आणि दहा-पंधरा वर्षे सहज जगतो; ब्रिटनमधील 'टिश' नावाचा मासा ४३ वर्षांचा होऊन १९९९ साली मेला. एवढी वर्षे कोण सांभाळणार? मग पिशवी घेऊन किल्ला तलावाकडे जाण्याचा मोह होतो. हे पुण्य नव्हे. सोनमासा रोहू-कटल्याच्याच कुळातला. तळाचा गाळ उकरून तो पाणी गढूळ करतो, इतर माशांची अंडी खातो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील बर्न्सव्हिल येथे तळ्यात हातभर लांबीचे सोनमासे सापडू लागले, तेव्हा २०२१ साली नगर प्रशासनाला 'घरचे मासे तळ्यात सोडू नका' असे नागरिकांना विनवावे लागले.

माझी सूचना साधी आहे. आपल्याकडे टब किती, पाणी किती, पिल्ले घेणारे मित्र किती, हे आधी मोजावे. मग अंडी लागलेली एकच फांदी वेगळी काढावी व बाकीची आईबापांसमोरच राहू द्यावी. यात निर्दयता आहे असे कोणी म्हणेल. परंतु तळ्यातही बहुतेक अंड्यांची हीच गत होते. उलट एका टबात आठशे जीव आठवडाभर तडफडवणे, हे दयेच्या कोणत्या व्याख्येत बसते? प्राध्यापक मंडळींनी चार अंडी मागून घ्यावीत. ती पारदर्शक असतात, आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांचे काळे ठिपके नि धडधडणारे हृदय विद्यार्थ्यांना दाखवता येते.

आणखी एक. पिल्ले सोनेरी नसतात, राखी-हिरवट असतात, म्हणून 'जात बिघडली' असे समजून ती टाकून देणारे लोक आहेत. रंग फिरायला दोन-तीन महिने लागतात, काहींना वर्षही लागते. काही तर जन्मभर तशीच राहतात. खातात, पोहतात, आणि पेटीजवळ कोणी आले की बाकीच्यांइतक्याच घाईने पुढे येतात.