हललेल्या वाघाच्या बाजूने

मंडळी, जंगलातून परतलेल्या प्रत्येकाच्या कार्डात एक खजिना असतो आणि तो कुणालाच दाखवला जात नाही. रिकामी फांदी (सेकंदापूर्वी तिथे स्वर्गीय नर्तक होता, आईशप्पथ!). चितळाचे फक्त मागचे दोन पाय. अप्रतिम फोकस झालेलं गवत, आणि त्यामागे पिवळं, धुरकट काहीतरी, ज्याला आपण 'वाघ' म्हणायचं. मग सगळ्यांना जातो तो एकच फोटो. काचेसारखा स्वच्छ, कोपऱ्यात स्वतःच्या नावाचा वॉटरमार्क. बाकीचे शेकडो डिलीट.

माझं म्हणणं उलट आहे. डिलीट केलेले दाखवा, आणि खो खो हसू या.

कारण खरं जंगल त्यांच्यातच असतं. पहाटे उजेड कमी, म्हणून शटर १/६० वर आलेलं. हातात ६०० मिमीची लेन्स. ढोबळ नियमाने तिला १/६०० तरी हवं. त्यात जिप्सी थरथरतेय, तुम्ही थरथरताय आणि वाघाला तर थांबायची मुळीच गरज नाही. फोटो हलणारच हो!

उलट 'परफेक्ट' फोटोंचं बघा. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याला पहिलं बक्षीस मिळालं. २०१० च्या जानेवारीत ते काढून घेतलं, कारण लांडगा बहुधा पाळीव होता. २०१७ मध्ये तिथेच जिंकलेल्या फोटोतलं मुंगीखाऊ पेंढा भरलेलं असावं असं तज्ज्ञांनी ठरवलं, आणि २०१८ मध्ये तेही बाद. दोन्ही फोटोग्राफरांनी आरोप नाकारले, ते असो. पेंढा भरलेला प्राणी हलत नाही, एवढं मात्र खरं :-)

कुणी म्हणेल, विनोदी वन्यजीव फोटोंची स्पर्धा २०१५ पासून आहेच की! आहे, आणि मजेदारही आहे. पण तिथले फोटो तंत्रात एकदम चोख असतात, आणि हसायचं असतं ते प्राण्याला. फसलेल्या फोटोत हसायचं ते आपल्याला. मला हा दुसरा विनोद हवाय.

हा नुसता गमतीचा मामला नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे बछडे पर्यटकांच्या गाड्यांमध्ये अडकले. दोन्ही बाजूंनी जिप्सी, मध्ये ती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाईडवर कारवाई झाली. ठीकच झालं. पण "भाऊ, गाडी अजून थोडी पुढे घ्या ना" हे वाक्य कुठल्या सीटवरून येतं? मागच्या. आपल्या. लेन्सचा ईएमआय चालू आहे, सोमवारी ऑफिसात "सायटिंग झालं का?" विचारणार आहेत, म्हणून फोटो म्हणजे डिलिव्हरेबल होऊन बसलाय. अहो, वाघ काय तुमचा व्हेंडर आहे?

धुरकट वाघावर ज्याला मनापासून हसता येतं, तो गाडी पुढे घ्यायला सांगत नाही. त्याला पन्नास फुटांवरून जे मिळालं ते पुरतं.

तेव्हा पुढच्या ट्रिपचा पहिला फोटो रिकाम्या फांदीचा टाका. आणि वाघ दिसला नाही तरी ड्रायव्हरभाऊंना टिप तेवढीच द्या.