राणीच्या तोंडचे संवाद

इतिहासाच्या तासाला फ्रेंच राज्यक्रांती शिकताना ऑलिंप द गूज हे नाव मी प्रथम ऐकले, तेही एका ओळीत. १७९१ साली स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणारी आणि १७९३ साली गिलोटिनखाली गेलेली बाई, एवढीच तिची ओळख. वहीत मी तेवढेच उतरवून घेतले, परीक्षेत तेवढेच लिहिले आणि गुणही मिळाले. पुढे कुतूहलाने तिच्या खटल्याची हकिकत वाचली, तेव्हा ध्यानात आले की या बाईचा सारा जीव नाटकात गुंतलेला होता, आणि तिच्याविरुद्धच्या पुराव्यात तिचे एक अर्धवट राहिलेले नाटकही होते. जाहीरनाम्याबद्दल पुष्कळ लिहिले जाते. त्या नाटकाबद्दल मात्र आपल्याकडे कोणी बोलत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

ऑलिंप हे तिचे जन्मनाव नव्हे. ७ मे १७४८ रोजी दक्षिण फ्रान्समधील माँतोबाँ या गावी जन्मलेली ही मारी गूझ. कायद्याने बाप खाटीक. पण खरा बाप पाँपिन्याँचा सरदार, अशी कुजबूज होती. हा सरदार स्वतः कवी आणि शोकांतिका लिहिणारा, आणि मारीचा या कुजबुजीवर ठाम विश्वास होता. सतराव्या वर्षी मनाविरुद्ध लग्न झाले, एक मुलगा झाला आणि थोड्याच काळात वैधव्य आले. तिने पुन्हा लग्न केले नाही. आईच्या नावातले 'ऑलिंप' उचलले, आडनावाला सरदारी वळण दिले आणि पॅरिस गाठले. तिची मायबोली दक्षिणेकडची ऑक्सिटन, पॅरिसची फ्रेंच तिला जवळजवळ परकीच. शिक्षणही बेताचे. त्यामुळे ती लेखनिकाला सांगून लिहवून घेई. यावरून तिची पुष्कळ टवाळी झाली. आपल्याकडे महाभारत सांगणाऱ्या व्यासांनाही गणपती लागला होता, पण हे पॅरिसच्या विद्वानांना कोणी सांगावे!

त्या काळी पॅरिसमध्ये गंभीर नाटक करायचे तर कॉमेदी फ्रांसेज या राजाश्रित नाट्यगृहाशिवाय गत्यंतर नव्हते. नाटक नटमंडळींपुढे वाचायचे, मग त्यांनी मते द्यायची. नाटक स्वीकारले तरी ते केव्हा करायचे, हेही त्यांच्याच हाती. ऑलिंपचे 'झामोर आणि मिर्झा' १७८५ साली स्वीकारले गेले आणि फडताळात पडून राहिले. तिने पत्रे लिहिली, भांडणे केली, शेवटी १७८८ साली नाटक छापून काढले. कारण उघड होते. नाटकाचा नायक गुलाम होता. वसाहतींतील मळ्यांवर ज्यांचे वैभव उभे होते अशी बडी मंडळी याच नाट्यगृहाची आश्रयदाती. शिवाय तोंडाला काळे फासून रंगमंचावर यायला नट राजी नव्हते. छापील प्रतीवर त्याचे वर्णन 'इंडियन नाटक' असे आहे. पण आपण हुरळून जायचे कारण नाही. पूर्वेचे इंडीज आणि पश्चिमेचे इंडीज यांची त्यात बेमालूम सरमिसळ आहे. मिर्झा हे तर तिने नायिकेचे नाव ठेवले आहे!

अखेर २८ डिसेंबर १७८९ रोजी, म्हणजे बॅस्टिल पडल्यानंतर पाच महिन्यांनी, पडदा वर गेला. तोवर मानवी हक्कांचा जाहीरनामाही निघालेला होता. तरी प्रेक्षागृहात गोंधळ झाला आणि तीन प्रयोगांत नाटक बंद पडले. उत्पन्न ठराविक रकमेच्या खाली गेले की नाटकावर मंडळीचा हक्क, असा तिथला नियम होता. म्हणजे नाटकही गेले आणि पैसाही गेला. फ्रान्सने वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली ती ४ फेब्रुवारी १७९४ रोजी. ते पाहायला ऑलिंप उरली नव्हती.

नाटक म्हणून ते थोर आहे असे मी म्हणणार नाही. जहाज फुटते, नायक-नायिका एका फ्रेंच जोडप्याला वाचवतात, त्यातली तरुणी नेमकी गव्हर्नरची हरवलेली मुलगी निघते आणि शेवटी गव्हर्नरच्या मनाला पाझर फुटतो. आपल्या संगीत नाटकांतही इतके योगायोग एका रात्रीत खपले नसते. पण त्या सगळ्या गुंत्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. मिर्झावर हात टाकू पाहणाऱ्या गोऱ्याच्या हस्तकाला झामोरने ठार मारलेले आहे, आणि लेखिका त्याला शेवटपर्यंत जिवंत ठेवते. गोऱ्या सत्तेच्या माणसाचा खून करणारा गुलाम सुटतो आणि प्रेक्षकांनी त्याबद्दल आनंद मानावा अशी अपेक्षा असते. १७८५ साली हे लिहायला छाती लागत होती.

यानंतर तिची लेखणी थांबली नाही. १७९० मध्ये मठातील सक्तीच्या शपथांवरचे नाटक रंगमंचावर आले. १७९१ मध्ये मिराबो वारल्याबरोबर काही दिवसांत त्याच्यावरचे आले. जानेवारी १७९३ मध्ये सेनापती द्युमुरिएचा गौरव करणारे नाटक आले, पडले, आणि एप्रिलमध्ये तो सेनापतीच शत्रूला जाऊन मिळाला. घटना घडली की नाटक तयार, अशी तिची घाई. या घाईने नाटकांचे नुकसान झाले हे खरेच.

राजकारणात ती कोणत्याही एका चौकटीत बसत नाही. राज्यघटनेने बांधलेला राजा तिला चालत होता. १७९१ चा स्त्रियांचा जाहीरनामा तिने राणी मारी आंत्वानेतला अर्पण केला. वधस्तंभावर चढायला स्त्रीला मज्जाव नसेल तर व्यासपीठावर चढायलाही नसावा, हा त्यातला युक्तिवाद बहुतेकांना ठाऊक असतो. डिसेंबर १७९२ मध्ये सोळाव्या लुईवर खटला उभा राहिला, तेव्हा त्याच्या बचावाला उभे राहण्याची तयारी तिने दाखवली. मारा आणि रॉबेस्पिअर यांच्यावर तिने उघड टीका केली. आमच्या वर्गातील काही डाव्या मित्रांनी तिला प्रतिक्रांतिवादी ठरवून टाकले आहे. मला तो निकाल फार स्वस्त वाटतो. राजेशाहीबद्दलचा तिचा विश्वास भाबडा होता, हे मी मान्य करतो. पण जमावाच्या कलाने बोलायचे असते तर १७९२ च्या अखेरीस राजाची बाजू कोणी घेतली असती?

जुलै १७९३ मध्ये तिने 'तीन मतपेट्या' नावाचे भित्तिपत्रक काढले. एकसंध प्रजासत्ताक, संघराज्य की राजेशाही, हे प्रत्येक प्रांतातील लोकांनी मत देऊन ठरवावे, एवढीच सूचना. पण राजेशाहीची भलामण करणाऱ्यास देहदंड, असा कायदा त्याच वर्षी २९ मार्चला झालेला होता. १३ जुलैला माराचा खून झाला होता, वातावरण तापलेले होते. २० जुलैला तिला अटक झाली.

घराच्या झडतीत सापडले ते 'फ्रान्सची मुक्ती, अथवा पदच्युत जुलमी राजा' या नाटकाचे हस्तलिखित. जेमतेम दीड अंक. स्थळ राजवाडा, काळ १० ऑगस्ट १७९२ च्या उठावापूर्वीचा. राणी कारस्थाने रचते आहे, प्रजासत्ताकाला शिव्याशाप देते आहे. तेवढ्यात खुद्द ऑलिंप हे पात्र प्रवेश करते आणि राणीची कानउघाडणी करते. लेखिकेने स्वतःलाच रंगमंचावर आणून आपली बाजू सांगितली आहे. याहून अधिक उघड काय करायचे असते? तरी न्यायासनासमोर तिला प्रश्न आला, की असली राजद्रोही भाषा तू राणीच्या तोंडी का घातलीस? तिचे उत्तर थोडक्यात असे, की राणीला शोभेल अशीच भाषा मी तिला दिली.

या उत्तरापाशी मी बराच वेळ थांबलो. आमच्या गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी एका एकांकिकेत सावकाराचे काम केले. परीक्षण समितीने संहितेतील सावकाराची सारी विषारी वाक्ये गाळली. असली भाषा कॉलेजच्या रंगमंचावरून ऐकू येऊ नये, हे कारण. प्रयोगात मी इतका सौम्य सावकार झालो, की शेवटी शेतकरी कुऱ्हाड का उचलतो हेच प्रेक्षकांना कळेना. आमचे फक्त बक्षीस गेले, ती गोष्ट वेगळी.

अर्थात सरकारी वकिलाच्या बाजूनेही एक मुद्दा आहे आणि तो टाळता येत नाही. नाटकाने माणसांची मने वळतात, असे ऑलिंप स्वतःच मानत होती. त्यासाठीच ती लिहीत होती. मग राणीच्या संवादांनी कुणाचे मन वळले तर? माझे उत्तर असे, की त्या भीतीचा निकाल प्रेक्षागृहात लागला पाहिजे, तोही पूर्ण नाटक पाहून. तिचे नाटक तर पुरते लिहूनही झाले नव्हते. त्यातले एका पात्राचे संवाद घ्यायचे आणि दुसऱ्याचे सोडून द्यायचे, हे वाचन नव्हे.

तिने वकील मागितला. तू स्वतःचा बचाव करण्याइतकी हुशार आहेस, असे सांगून तो नाकारण्यात आला. ३ नोव्हेंबर १७९३ रोजी तिचा शिरच्छेद झाला. त्याच्या चारच दिवस आधी स्त्रियांच्या मंडळांवर बंदी आली होती. काही दिवसांतच पॅरिस नगरसभेत शोमेतने बायकांना तिचे उदाहरण देऊन दम भरला. तिच्या मुलाने, पिएरने, जिवाच्या भीतीने जाहीरपणे आईशी संबंध तोडला. पुढे जवळजवळ दोन शतके ती थट्टेचाच विषय राहिली. १९८१ साली ऑलिव्हिए ब्लाँने तिचे चरित्र लिहिले, तेव्हा कागदपत्रे नीट उघडली गेली. २०१६ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रसभेत तिचा अर्धपुतळा बसवला, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात सोनेरी पुतळाही झळकला.

दीड अंकाचे ते हस्तलिखित खटल्याच्या कागदांबरोबर फ्रान्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी एकांकिका अजून ठरलेली नाही. हे अपुरे नाटक मराठीत उतरवायचे काम मी अंगावर घ्यायला तयार आहे. राणीची भूमिका करणारी मिळाली तर संवाद एकही न गाळता तो दीड अंक करता येईल का, हे मी नाट्यमंडळाच्या सरांना विचारून ठेवले आहे.