भिवंडीला गेलेला सोफा

मुंबईत इमारत पुनर्विकासाला निघाली की बिल्डरकडून साधारण दोन गोष्टी मिळतात: दरमहा भाडं आणि सामान हलवायचा खर्च. वीस-तीस वर्षांचा संसार भाड्याच्या वन रूम किचनमध्ये मावत नाही, मग उरलेलं स्टोरेजवाल्याकडे जातं. कंपनीची माणसं सोफा बबल रॅपमध्ये गुंडाळतात, खोक्यांवर बारकोड चिकटवतात आणि टेम्पो भिवंडीच्या रस्त्याला लागतो. ‘दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न’, असं म्हणत यजमान पहिल्या महिन्याचं भाडं भरतात.

ती दोन-तीन वर्षं किती ताणली जातील याचा भरवसा नाही. गोरेगावच्या पत्रा चाळीतल्या 672 कुटुंबांच्या पुनर्विकासाचा करार 2008 मध्ये झाला आणि घरासाठी त्यांना दीड दशकाहून अधिक वाट बघावी लागली. उदाहरण टोकाचं आहे, पण ताबा वेळेवर मिळालेल्यांनीही एक हिशेब करावा. समजा स्टोरेजचं भाडं महिना 3,000 रुपये आहे. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 3,540. वर्षाचे 42,480, तीन वर्षांचे 1,27,440. आत काय आहे? फोम बसलेला सोफा, प्लायवूडचा पलंग, दोन गाद्या आणि ज्यांच्या झाकणांचा पत्ता नाही असे डबे. एवढ्या पैशांत हे सगळं नवं आलं असतं, आणि तेही नव्या खोलीच्या मापाचं.

हिशेब कळत नाही असं नाही. घोडं अडतं ते भावंडांत. आईचं शिलाई मशीन कुणालाच नको असतं, पण ते विकायचा विषय निघाला की पुण्यातली बहीण फोनवर गप्प होते आणि अमेरिकेतला भाऊ ‘बघू, दिवाळीत आलो की’ म्हणतो. भाडं मात्र मुंबईतल्या थोरल्याच्या खात्यातून आपोआप कापलं जातं. खरं तर ज्याला वस्तू हवी त्यानेच तिचं भाडं भरावं, एवढा एकच नियम केला तरी निम्मं सामान महिन्याभरात निघेल. हा नियम घरात मांडायला जिगर लागते, हे मान्य.

अशा वेळी कुणीतरी हमखास घबाडाची गोष्ट सांगतं. 1989 मध्ये अमेरिकेतल्या लाँग आयलंडवर एका माणसाने शंभर डॉलरांहूनही कमी पैशांत, आत काय आहे ते न बघता एक स्टोरेज युनिट विकत घेतलं. त्यात ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ या बाँडपटातली पाणबुडी-मोटार निघाली. 2013 च्या लंडनच्या लिलावात ती साडेपाच लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. शिकागोत मुलं सांभाळणाऱ्या व्हिव्हियन मायरच्या हजारो निगेटिव्ह अशाच स्टोरेजमधून बाहेर आल्या. भाडं थकलं आणि 2007 मध्ये त्यांचा लिलाव झाला. 2009 मध्ये ती वारली. थोर छायाचित्रकार म्हणून तिचं नाव झालं ते त्यानंतर. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फक्त घबाड लागलं ते लिलावात बोली लावणाऱ्यांना. ज्यांनी वर्षानुवर्षं भाडं भरलं, त्यांच्या पदरात काही पडलं नाही.

मग सगळंच मोडीत काढायचं का? नाही. जुना सागवानी पलंग किंवा शिसवी कपाट आज नव्याने करायला घेतलं तर सुतार जो आकडा सांगेल, त्यापुढे तीन वर्षांचं भाडं किरकोळ वाटू शकतं. पण लाकूड ठेवायचं तर ते अधूनमधून बघावं लागतं. मुंबईच्या पावसाळ्यात बंद खोलीत बुरशी धरते, आणि वाळवी लागली तर ते खोकं उघडल्यावरच कळतं. जागेचे कागद, दागिन्यांच्या पावत्या आणि लग्नाचे अल्बम तर तिथे ठेवूच नयेत.

ठरवायचं असेल तर आधी कुलूप उघडून बसावं, सोबत नव्या फ्लॅटचा नकाशा आणि मोजपट्टी घेऊन. पितळी भांडी मोडीत वजनावर जातात, शिलाई मशीन चालू असेल तर शिवण शिकणारी एखादी मुलगी आनंदाने नेते, स्टीलच्या कपाटालाही गिऱ्हाईक मिळतं. नडतो तो सोफा. फुकट दिला तरी कुणी नेत नाही, आणि उचलून न्यायचे टेम्पोवाला वर पैसे मागतो. त्याच्याशी घासाघीस करत बसू नये. महिन्याच्या भाड्याएवढी रक्कम त्याने मागितली तरी देऊन टाकावी.