रात्रीचा चहा-भात

या सदरात आपण एरवी ताटात काय वाढावे याविषयी बोलतो. आज एका अशा जेवणाविषयी लिहितो आहे, ज्यात उरलेला भात, गरम चहा आणि थोडे लोणचे यांखेरीज काहीच नाही.

जागतिक चित्रपटांत खाण्याचे गाजलेले प्रसंग पुष्कळ आहेत. १९२५ च्या ‘द गोल्ड रश’मध्ये भुकेने व्याकुळ झालेला चॅप्लिन उकडलेला बूट मेजवानीच्या थाटात खातो; चित्रीकरणासाठी तो बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा केला होता. डी सिका यांच्या ‘बायसिकल थीव्हज’मध्ये (१९४८) मुलाला थप्पड मारून पस्तावलेला गरीब बाप त्याला उपाहारगृहात नेतो आणि शेजारच्या श्रीमंत मुलाकडे पाहत तो पोरगा चीज भरलेला तळलेला पाव खातो. परंतु मला पुनःपुन्हा आठवतो तो यासुजिरो ओझू यांचा १९५२ सालचा जपानी चित्रपट, ‘ओचाझुके नो अजी’. अर्थ सरळ आहे : चहा-भाताची चव. ‘अजी’ म्हणजे चव. आपल्या आजीशी त्या शब्दाचे काही नाते नाही, तरी ते जोडण्याचा मोह मला होतो.

ओचाझुके म्हणजे वाडग्यातील भातावर बिनदुधाचा, बिनसाखरेचा गरम हिरवा चहा ओतायचा आणि लोणच्याबरोबर खायचा. आपल्याकडे रात्री उशिरा ताक-भात कालवतात, त्याच्याच जातीचे हे खाणे.

मोकिची हा नागानोकडचा, एका कंपनीतील अधिकारी. त्याची पत्नी ताएको टोकियोतील सधन घरातली. ठरवून झालेले लग्न, मूलबाळ नाही. त्याला स्वस्त सिगारेट आवडतात, रेल्वेचा तिसरा वर्ग आवडतो. तिला या साऱ्याची लाज वाटते. मैत्रिणींबरोबर ती त्याच्या मंदपणाची थट्टा करते. एके दिवशी तो भातावर सूप ओतून आवाज करीत ओरपू लागतो आणि ती पानावरून उठून जाते. भुरके मारीत आमटी-भात खाणारा एखादा तरी माणूस आपल्या प्रत्येकाच्या घरी असतो. तेव्हा त्या क्षणी कोणाची बाजू घ्यायची हे वाचकांनी आपापल्या घरची स्थिती पाहून ठरवावे. मोकिचीचे म्हणणे एवढेच, की त्याला साधे, घरगुती, मोकळे असलेले बरे वाटते.

पुढे तिचे रुसून निघून जाणे, त्याला कामासाठी उरुग्वेला जावे लागणे, विमानतळावर निरोपाला ती नसणे. ती घरी परतते तेव्हा घर रिकामे असते. आणि त्याच रात्री, विमानाच्या यंत्रात बिघाड झाल्यामुळे, तो अचानक दारात उभा राहतो. त्याला भूक लागलेली असते.

मोलकरणीला उठवायचे नाही असे ठरते. दोघे स्वयंपाकघरात जातात, आणि तिथे आपल्या ध्यानात येते की घरातली कुठली वस्तू कुठे आहे हे दोघांनाही नीट ठाऊक नाही! इतकी वर्षे त्या खोलीतून आलेले अन्न दोघांनी खाल्ले, पण खोली परकीच राहिली. भात सापडतो. लोणचे तांदळाच्या खारवलेल्या कोंड्यात मुरलेले असते. ते काढायला हात आत घालावा लागतो आणि कोंड्याचा आंबूस वास हाताला चिकटून राहतो. ताएको हात घालते, तिची बाही तो सावरून धरतो. नंतर ती स्वतःच्या हाताचा वास घेते, तोही घेतो. मग दोघे समोरासमोर बसून चहा-भात खातात. ओझूंचा कॅमेरा नेहमीप्रमाणे खाली, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर. आपणही त्याच पंगतीला बसलो आहोत असे वाटते.

या पटकथेचा पहिला आराखडा युद्धापूर्वीचा. त्यात नवरा युद्धावर निघालेला होता. अशा शुभप्रसंगी लाल घेवड्याचा भात खायचा सोडून चहा-भात काय खाता, असा तेव्हाच्या परीनिरीक्षकांचा आक्षेप होता. चित्रपट तेव्हा निघाला नाही. एका वाडग्याचे एवढे भय!

पथ्याच्या दृष्टीने पाहिले तर या जेवणात दोष काढता येतील. लोणच्यात मीठ बरेच, तेव्हा रक्तदाबाच्या रुग्णांनी बेताने घ्यावे. झोपण्यापूर्वी चहा अनेकांना मानवत नाही. हे सांगणे माझे कामच आहे. तरीही ज्यांना रात्रीचे जेवण दूरचित्रवाणीसमोर, एकेकट्याने उरकण्याची सवय लागली आहे, त्यांना मी आहारतक्त्याबरोबर हा चित्रपटही सुचवीत असतो.

माझी आई शस्त्रक्रियेसाठी आठवडाभर रुग्णालयात होती, तेव्हा वडिलांनी तिला दूरध्वनी करून विचारले, ‘मेतकुटाची बरणी कुठे असते?’ लग्नाला एकेचाळीस वर्षे झाली होती. मांडणीच्या दुसऱ्या फळीवर, पोह्यांच्या डब्यामागे, असे तिने खाटेवरून सांगितले. ती घरी आली त्या दिवशी वडिलांनी स्वतः मऊ भात शिजवला, वर तूप-मेतकूट घातले आणि तिच्यासमोर बसले. पहिला घास घेऊन आई म्हणाली, ‘मीठ घातलेच नाही तुम्ही.’ मग तिने आणखी भात वाढून घेतला.